झाकण कुणी उघडलं?

२६ जुलै २००५, मंगळवार

मासिकवाल्यांनी गोष्ट परत पाठवली. "उंदीर छान आहे, पण सगळं एका डब्यात घडतं. मुलं कंटाळतील." बस, एवढंच.

एक उंदीर, एक गुळाचा डबा, झाकण बंद. पहिल्या ओळीपासून शेवटची ओळ येईपर्यंत डब्याबाहेर पाऊल नाही. मला तर हीच गंमत वाटत होती! जंगलातली गोष्ट कुणीही लिहील. नवऱ्याला, प्रसेनजीतला सांगावं म्हणून इचलकरंजीला फोन लावला, तर त्याच्यामागं यंत्रमागांचा खडखडाट.

"गोष्ट परत आली," मी ओरडले.

"कोण कोष्टी?"

फोन ठेवून दिला. रस्ता बंद झालाय, तो काही आठवडाभर घरी येत नाही. पाऊस थांबायचं नाव घेत नाही. नुसती चिडचिड.

२८ जुलै, गुरुवार

सुट्टी जाहीर झाली म्हणून जरा पाय पसरले, तोवर हेडसरांचा निरोप, ताबडतोब शाळेत या. नदीपलीकडच्या गावांतली माणसं ट्रॅक्टरनं आणून आमच्या वर्गांत उतरवलीत. बाकांवर गाठोडी, फळ्याखाली चूल मांडायची तयारी, व्हरांड्यात शेळ्या. माझ्या तिसरीच्या वर्गात तर पाय ठेवायला जागा नाही.

"कांबळे बाई, मुलं तुमच्याकडं," हेडसर म्हणाले. "तुम्ही गोष्टी लिहिता न्हवं? सांगा मग. फक्त पुराचा विषय काढायचा नाही. विसरायला लावा त्यांना."

"किती मुलं आहेत?"

"मोजू नका. घाबराल."

चित्रकलेच्या खोलीत सगळी कोंबली. खिडक्या बंद, दोरीवर ओले कपडे, कोंदट वास. म्हटलं, बरी संधी आहे, मासिकवाल्यांना काय कळतंय? उंदराचीच गोष्ट सांगू.

अर्ध्यात दोघं झोपले, चौघांची मारामारी. आर्यन म्हणून एक सात वर्षांचं कार्टं आहे, त्यानं हात वर केला.

"बाई, वाघ कवा येनार?"

"यात वाघ नाही."

"मग साप?"

"अरे डबा बंद आहे!"

"मग त्यो उंदीर करतोय काय आत?"

"विचार करतोय."

पोरांनी एकमेकांकडं बघितलं. ते बघणं मी विसरणार नाही.

एकच मुलगी नीट ऐकत होती. आर्यनच्या गल्लीतलीच, शिवानी. नऊ वर्षांची, एक वेणी बांधलेली, एक सुटलेली. शेवटी गोष्टीतल्या काकूंनी झाकण उघडलं, उंदीर टुणकन बाहेर पळाला, मी म्हटलं, संपली गोष्ट.

"मग पुढं?" शिवानी म्हणाली.

"पुढं काही नाही. सुटला तो."

"सुटून कुठं गेला?"

"गेला कुठंतरी! गोष्ट संपली."

"न्हाय संपली."



२९ जुलै, शुक्रवार

सकाळी बसून विचार केला. डब्यात काय काय असू शकतं? अंधार. गुळाचा वास. पायाला चिकटणारा गूळ. आणि बाहेरचे आवाज. बाहेरचं दिसत नाही म्हणूनच ते जास्त भीतीदायक, हे मला लिहिताना सुचलंच नव्हतं.

आज गोष्टीत मांजर आणलं, पण डब्याबाहेर. कंपासपेटीच्या पत्र्यावर नखं ओढली, खर्र खर्र. सगळी खोली गप्प! आर्यनची बोटं तोंडात. मग मांजर थांबलं. गेलं का टपून बसलंय, उंदराला कळेना. मुलं माझ्याकडं सरकत सरकत आली. इतक्या वर्षांच्या नोकरीत असं कधी झालं नव्हतं.

आणि शेवटी परत तेच. झाकण उघडलं, उंदीर सुटला, आणि शिवानी म्हणाली, "पुढं कुठं गेला?"

"बिळात गेला गं!"

"बीळ बुडालं आसलं तर?"

"नाही बुडालं."

"तुमास्नी काय म्हाईत?"

माझी गोष्ट, माझा उंदीर, आणि मलाच काय माहीत! मी उठले तशी मागं मागं आली. "बाई, चिमणीला पव्हाया येतं?"

"चिमणीला पंख असतात. ती उडून जाते."

तिनं माझ्याकडं असं बघितलं, जणू मीच तिसरीत बसते.

तिची आजी बायडाबाई व्हरांड्यात रडत होती. "समदं आणलं गं बाई. भांडी आणली, बैलं आणली, चिमणी तेवढी मागं ऱ्हायली." मी समजूत घातली. म्हटलं, आजी, शाळेत वीज आहे, गेली तर मेणबत्त्या देते. चिमणीचं काय एवढं, दुसरी मिळेल. म्हातारीनं पदरानं नाक पुसलं आणि भिंतीकडं तोंड करून बसली. घरात पाणी शिरलंय आणि हिचा जीव पत्र्याच्या दिव्यात अडकलाय. सांगून उपयोग नाही.

३१ जुलै, रविवार

आज पायऱ्यांवर मारामारी. शिवानीचे वडील केरबा आणि आर्यनचे वडील आकाराम, अंगणाला अंगण लागून असलेले शेजारी. केरबाची म्हैस गाभण होती, ट्रॉलीत चढेना. दुसऱ्या खेपेला नेऊ म्हणून गोठ्यातल्या उंचवट्यावर बांधून ठेवली, पण मग रस्त्यावरच पाणी आलं, ट्रॅक्टर परत गेलाच नाही. दुसऱ्या दिवशी केरबा नावेतून जाऊन बघतो तर गोठा रिकामा.

"दावं तुटलेलं न्हाय, सोडलेलं हाय!" केरबा ओरडत होता. "पानी पोटाला लागलं आसतं एवढंच. हुबी ऱ्हायली आसती माझी म्हस. गल्लीतनं शेवटाला कोन निगालं? तूच न्हवं? तूच सोडलीस आन् मेव्हन्याच्या दावनीला नेऊन बांधलीस!"

"तुझी म्हस काय मी खिशात घालून नेली व्हय रं?" आकारामनं गचांडी धरली. हेडसर मधे पडले तर त्यांचा चष्मा गेला.

परिणाम काय, तर आर्यनला शिवानीजवळ बसायची बंदी. मग तो कोपऱ्यात रुसून बसला. मोठ्यांच्या म्हशीपायी माझे बरे श्रोते फुटले. शिवानी दोन्ही हात मांडीखाली घालून बसलेली. म्हटलं, बरं झालं, आज तरी गप्प आहे.

तोवर दुसरीकडून उठलं. "बाई, घरात पानी आलं तर?" मी म्हटलं, गोष्टीतल्या घरात पाणी येत नाही. "का न्हाय?" हेडसरांनी ताकीद दिलेली, पण मांजर दोन दिवस वापरून झालेलं, डब्यात दुसरं उरलं काय? शेवटी मीच थकून म्हटलं, बरं, आलं पाणी.

"डबा तरंगंल की!" आर्यन कोपऱ्यातनं ओरडला.

आणि डबा तरंगला. उंदराला कळेना, जमीन हलते का म्हणून. गूळ एकीकडं घसरतो, उंदीर दुसरीकडं. मुलं बसल्या जागी डुलायला लागली. मला विसरायला लावायचं होतं ते सगळं खोलीत आलं आणि मुलं काही रडली नाहीत. मग एकानं विचारलं, आता झाकण उघडलेलं बरं का बंदच बरं? उघडलं तर पाणी आत, बंद ठेवलं तर गुदमरून मरायचा. यावर असा गलका झाला की मी म्हटलं, उद्या ठरवू.

खरं म्हणजे मलाच माहीत नव्हतं.

१ ऑगस्ट, सोमवार

सगळ्यावर पाणी पडलं.

मी चांगला उपाय शोधला होता. गच्चीवर एक शहाणी मुलगी असते, तिला वाहत येणारा डबा दिसतो, ती काठीनं ओढते आणि झाकण...

"शानी न्हाय ती!" शिवानी उभी.

"खाली बस."

"कुनी सांगिटलंतं तिला उघडाया? गप बसला आसता डब्यात तर जगला आसता त्यो!"

"शिवानी, खाली बस म्हणते ना!"

"तिनं उघडलं आन् त्यो पान्यात गेला आन् ती नुसती बगत ऱ्हायली!"

एक बारकं पोर रडायला लागलं, "मेला काय उंदीर?" मग दुसरं. मग सगळीच. मी तिचा दंड धरून तिला बाहेर काढलं. पाच मिनिटांत हेडसर दारात, "बाई, काय सांगताय काय तुम्ही पोरांना?"

मी उद्यापासून पाढे घेणार आहे.

२ ऑगस्ट, मंगळवार

पाढे घेतले नाहीत. काय झालं ते सलग लिहून ठेवते.

शिवानी आलीच नाही. शोधत गेले तर जिन्याखाली, जुन्या बाकांच्या मागं बसलेली. मी रागातच होते. म्हटलं, "तुला माझी एकही गोष्ट पटत नाही ना? मग तूच सांग."

मला वाटलं रडेल. तिनं सांगायला सुरुवात केली.

"चिमणी गाभन हुती. ट्रालीत चढंना. आबा म्हनला, ऱ्हाऊ दे, दुसऱ्या टायमाला नेऊ. समदी आज्जीला वर चढवत हुती. मला चिमणीचा आवाज आला."

मी विचारलं, "चिमणी म्हणजे म्हैस?"

"मग काय!" ती म्हणाली. "ल्हान हुती तवा एवढुशी हुती, म्हनून चिमणी."

पंख असतात म्हणाले होते मी. म्हातारीला मेणबत्ती देऊ केली होती.

"मी मागारी पळत गेलो," शिवानी सांगत होती. (कोल्हापूरकडच्या बायका-मुली अशाच बोलतात, मीही घरात बोलते. वर्गात मात्र 'गेले' म्हण म्हणून दुरुस्त करते. आज केलं नाही.) "गोठ्याच्या उंबऱ्यापातूर पानी आलंतं. मी दावं सोडलं. वाटलं, मोकळी आसली तर येईल ट्रालीमागनं चालत. ती भायेर आली. पान्यात उतरली. माझ्याकडं बगितलं. मग आबा हाक मारला आन् मी गेलो."

"मग पुढं?" माझ्या तोंडून गेलं.

"म्हाईत न्हाय."

एका मुलीनं इतके दिवस विचारलेलं एकच, आणि मी तिला आगाऊ समजत होते. पण आता हे मनात ठेवून चालणार नव्हतं. तिकडं दोन घरं एकमेकांच्या जिवावर उठलेली. मी म्हटलं, "आबांना सांगायचं का? मी आहे बरोबर." तिनं मान हलवली नाही, पण हात धरला.

केरबा गाठोड्याला टेकून बसला होता. शिवानीनं सांगितलं, जसं मला सांगितलं तसंच. बायडाबाईनं कपाळावर हात मारला. मला वाटलं आता केरबाचा हात उठतो, म्हणून मी मधे सरकले. तो नुसता उठला, पटांगण ओलांडून समोरच्या वर्गात आकारामसमोर जाऊन उभा राहिला. मी मागोमाग.

"माझ्याच पोरीनं सोडली," केरबा म्हणाला. "तू न्हाय."

"आता कळलं व्हय?"

"कळलं. मार मला."

आकारामनं त्याच्याकडं खालपासून वरपर्यंत बघितलं. "मारतो की. आदी च्या पाज."

दोघं चहाच्या गाड्याकडं निघून गेले, पावसात, एका पोत्याखाली. इकडं ही पोर वर्गाच्या दारात उभी. बापानं तिला बरं नाही की वाईट नाही, एक शब्द नाही! परत आला तेव्हा मी गाठलंच. म्हटलं, "केरबा, पोरीशी काहीतरी बोला."

"बोलतो, बाई," तो म्हणाला. "काय बोलायचं ते तरी सुचू द्या."

४ ऑगस्ट, गुरुवार

पाणी उतरायला लागलं. गडीमाणसं गाळ काढायला गावाकडं गेली, केरबा आणि आकारामही. बायका-मुलं अजून इथंच.

मुलांनी उंदीर मागितला. मी सांगितला. उंदीर डब्यातच ठेवला, डबा एका झाडाला अडकवला, झाकणाला कुणाला हात लावू दिला नाही. शिवानी पुढं बसली होती. शेवटी मी तिच्याकडं बघत थांबले.

तिनं काहीच विचारलं नाही. जेवतही नाही म्हणे नीट. खिचडीचं ताट तसंच परत जातं. मला वाटलं होतं, सांगितलं की मोकळी होईल. उलटंच झालं. आता सगळ्या शाळेला माहीत, म्हैस कुणी घालवली ते. बाकीच्या बायका तिच्या देखत हळहळतात, "गाभन व्हती गं." त्यांना काय म्हणावं!

६ ऑगस्ट, शनिवार

केरबा परत आला. गुडघ्यापर्यंत चिखल, हाताला फडकं गुंडाळलेलं. वर्गात सगळे होते. त्यानं शिवानीला समोर उभी केली आणि मोठ्यानं बोलला, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"गोठ्याची मागली भित पडली. दावनीवरच पडली, सगळी. बांदलेली आसती तर चिमणी जाग्यावर मेली आसती, पोटातल्यासकट. पोरीनं सोडली म्हनून सुटली."

"गावली?" शिवानीनं विचारलं.

"न्हाय गावली. पर सुटली."

बायडाबाईनं नातीला जवळ ओढलं आणि त्या हळहळणाऱ्या बायकांना सुनावलं, "ऐकलं न्हवं?" शिवानीनं खिचडी दोनदा मागून घेतली. माझ्या खोलीत येऊन आर्यनला ढकलून त्याच्या जागेवर बसली.

हुश्श! इतक्या दिवसांत पहिली गोष्ट मनासारखी झाली. त्या भिंतीनं पडायची वेळ बरोबर साधली म्हणायची.

१५ ऑगस्ट, सोमवार

झेंडावंदन. वर्ग धुतले तरी वास जात नाही. माणसं गावी गेली. गोष्ट पुन्हा लिहायला घेतली. मांजर जमलं, पाणी जमलं. शेवट होत नाही.

२१ ऑगस्ट, रविवार

रस्ता सुरू झाल्यावर प्रसेनजीत आला. त्याची स्कूटर काढून दोघं केरबाच्या गावाला गेलो. मुलांना जुनी पुस्तकं द्यायची होती. पुस्तकं हे निमित्त. पोरीला बघायचं होतं.

गावभर गाळाचा वास. रस्त्याच्या कडेनं गाद्या, पेट्या, धान्याचा काळा पडलेला ढीग. शिवानी लांबूनच पळत आली, दोन्ही वेण्या बांधलेल्या. घरात न नेता हात धरून थेट गोठ्याकडं घेऊन गेली.

"बाई, हितं बांदत हुतो आमी तिला. बगा. आन् भित अशी पडली. मी सोडली नसती तर?" ती दगडांवर चढून उभी राहिली, एखाद्या किल्ल्यावर उभी असल्यासारखी. "बगा की!"

"बघितलं," मी म्हटलं.

तिला आजीनं हाक मारली, ती गेली. मी तिथंच उभी राहिले. उरलेल्या तीन भिंतींवर पाण्याची रेघ होती, माझ्या कमरेइतकी उंच. रेघेखाली माती धुपलेली, पण भिंती भक्कम उभ्या. आणि चौथी, तेवढीच जाड, दावणीवर आडवी. दगडांवर जागोजाग पांढरे ताजे वण होते. कोपऱ्यात पहार टेकवून ठेवलेली.

मागं आकाराम येऊन उभा राहिला होता. मी पहारीकडं बघतेय हे त्यानं पाहिलं.

"हुबी हुती, बाई," तो हळू आवाजात म्हणाला. "पानी उतरलं तरी जाग्यावरनं हालली न्हवती. आज्ज्याच्या वक्ताची भित, पडता पडंना. दोगांनी मिळून पाडली. येका दिसात झाली न्हाय." त्यानं तळहात पुढं केले. फोड वाळून साल निघत होती. "पोरगी घरी याच्या आदी पडाया पायजे हुती."

"आणि म्हैस?"

"खाली चार गावं हुडकली. कुनी बगितली न्हाय."

केरबा मातीची पाटी घेऊन आला. आमच्या दोघांच्या तोंडाकडं बघून त्याला कळलंच असणार. पाटी खाली ठेवली.

"पोरीला काय बोललासा न्हाय न्हवं, बाई?"

"नाही."

"बरं झालं." त्यानं घाम पुसला. "च्या घेतल्याबिगर जायाचं न्हाय."

ओट्यावर बसलो. प्रसेनजीत बैलांच्या चाऱ्याबद्दल काहीतरी विचारत होता, केरबा सांगत होता. शिवानी माझ्या मांडीला टेकून नव्या पुस्तकातली चित्रं बघत होती. बायडाबाईनं कपबश्या आणल्या. चहा पिशवीतल्या दुधाचा होता. घरच्या म्हशीच्या दुधाची सवय असलेल्या या घरात तो देताना म्हातारीनं तोंड दुसरीकडं वळवलं होतं. आम्ही सगळ्यांनी तो शेवटपर्यंत प्यायला.